वादळानंतर वीज परत येते कशी?

(कोल्हापूर येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बी-बियाणे, खते, रोग-किडी या विषयांवर आपण नेहमी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. वळवाचे वादळ होते किंवा पंचगंगेला महापूर येतो आणि वीज जाते. ऊस पाण्यावाचून उभा असतो, जनावरांच्या पाण्याचे हाल होतात, पिठाची गिरणी बंद पडते. चार दिवस झाले की 'वायरमन फिरकलासुद्धा नाही' अशी तक्रार पारावर सुरू होते. ही वीज परत आणण्यासाठी कोण काय करते, त्याला वेळ का लागतो आणि त्या दिवसांत आपण काय करावे व काय करू नये, हे आज समजून घेऊ. याची गरज अशी की वादळ ओसरल्यानंतरच्या दिवसांतही माणसे दगावतात. त्यांत वायरमन असतात, तसेच शेतकरीही असतात. हे अपघात बहुतांशी टाळता येण्यासारखे असतात.

आपल्या भागाचा अनुभव

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कोणी विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच गत झाली आणि पाणी ५६ फुटांपर्यंत चढले. करवीर, हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांतील नदीकाठची रोहित्रे, म्हणजे आपल्या बोलण्यातील डीपी, पाण्याखाली गेली. उपकेंद्रांत पाणी शिरले. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रे बुडाली आणि सगळीकडे पाणी असताना घरातील नळ कोरडे पडले.

पूर चढत असताना वीज मंडळी स्वतःहून बंद करतात. त्या वेळी अनेकांना याचा राग येतो. परंतु पाण्यात बुडालेल्या डीपीत वीज चालू राहिली तर त्या पाण्यातून चालणारा माणूस आणि दावणीची जनावरे दोन्ही धोक्यात येतात. पुराच्या पाण्यातून होडीने साहित्य नेऊन तारा जोडणारे कर्मचारी या जिल्ह्याने दोन्ही महापुरांत पाहिले आहेत.

वाऱ्याचे उदाहरण शेजारच्या कोकणातील घेऊ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. रायगडात आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड-दापोली भागात नारळ, सुपारी, आंब्याच्या बागा आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर खांब व तारा जमिनीवर आल्या. काही गावांत वीज पोहोचायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून पुढे सरकत १७ मे रोजी गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले. या दोन्ही वेळी इतर जिल्ह्यांतून कर्मचाऱ्यांची पथके कोकणात पाठवावी लागली आणि तीही कोरोनाच्या साथीच्या काळात. आपले वळवाचे वादळ एवढे मोठे नसते, परंतु तारा पडण्याची आणि जोडण्याची रीत तीच असते.

वीज कोणत्या क्रमाने येते?

आपल्या विहिरीवरच्या मोटारीपर्यंत वीज टप्प्याटप्प्याने येते. महापारेषणच्या उच्च दाबाच्या मनोऱ्यांवरून ती मोठ्या उपकेंद्रात येते. तेथून ३३ हजार व्होल्टच्या वाहिनीने गावाजवळच्या उपकेंद्रात, तेथून ११ हजार व्होल्टच्या फीडरने डीपीपर्यंत आणि डीपीतून लघुदाबाच्या तारांनी आपल्या मोटारीपर्यंत. पाटाच्या पाण्यासारखेच हे आहे. मुख्य कालवा फुटलेला असताना शेतातली चारी दुरुस्त करून पाणी येत नाही.

म्हणून दुरुस्ती नेहमी वरून खाली होते. आधी ३३ हजारांची वाहिनी आणि उपकेंद्र, मग ११ हजारांचा फीडर, मग डीपी आणि शेवटी लघुदाबाचे खांब. त्यातही दवाखाने आणि पिण्याच्या पाण्याच्या योजना आधी घ्याव्या लागतात. एक ३३ हजारांची वाहिनी उभी राहिली की अनेक गावांत एकदम उजेड पडतो. आपल्या शिवारातला एक खांब उभा केला तर पाच-दहा मोटारी चालू होतात. अशा हिशेबात शेतीपंप शेवटी येतात. यात कोणाचा आकस नसतो.

आता ११ हजारांच्या एका फीडरचा विचार करा. तो अनेक किलोमीटर उसातून, ओढ्यातून, माळावरून गेलेला असतो. बिघाड कुठे आहे हे उपकेंद्रात बसून दिसत नाही. त्यासाठी कर्मचाऱ्यांना वाहिनीखालून पायी फिरावे लागते. फीडरचे मधले स्विच उघडून त्याचे भाग पाडतात आणि एकेक भाग चालू करून बघतात. ज्या भागाला वीज देताच उपकेंद्रातले ब्रेकर पडते, त्या भागात बिघाड आहे असे समजतात. कधी तार तुटलेली असते, कधी इन्सुलेटर फुटलेला असतो, तर कधी एक ओली फांदी तारेला टेकलेली असते. फांदी काढायला पाच मिनिटे लागतात, परंतु ती शोधायला दिवस जातो.

इथे आपण मोठी मदत करू शकतो. 'आमच्याकडे लाइट नाही' एवढेच सांगितल्याने काही कळत नाही. 'अमुक डीपीपासून पूर्वेला तिसरा खांब मोडला आहे, तार उसात पडली आहे' असे सांगितले तर पथक थेट तिथे येते. प्रत्येक डीपीवरील शेतकऱ्यांनी आपल्यातील एक जाणता माणूस यासाठी नेमावा. डीपीचे नाव, फीडरचे नाव आणि आपला ग्राहक क्रमांक त्याने वहीत लिहून ठेवावा. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ हा आहे. तारेजवळ न जाता, लांबूनच पाहून ही माहिती द्यावी.

खांबावर चढण्यापूर्वी

वायरमन आला की लगेच खांबावर का चढत नाही, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याला आधी उपकेंद्रातून परवानगी घ्यावी लागते. त्याला परमिट म्हणतात. परमिट दिले की ती वाहिनी बंद होते आणि त्याने परमिट परत केल्याशिवाय चालू करता येत नाही. मग तो जवळचा स्विच उघडतो, तारेत वीज नाही ना हे तपासतो आणि काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीला जोडून घेतो. एवढे झाल्यावर तो हात लावतो.

या वेळी खाली उभे राहून 'लवकर कर, पाणी द्यायचे आहे' असा धोशा लावू नये. घाईत एक पायरी गाळली की माणूस जातो. वादळानंतर हे कर्मचारी दिवसरात्र काम करीत असतात, कपडे ओले असतात, खांब निसरडे असतात. त्यांपैकी बरेच जण कंत्राटी असतात. त्यांना हातमोजे, पट्टा आणि टोपी मिळते की नाही हे पाहणे त्यांच्या वरिष्ठांचे काम आहे. परंतु असे साहित्य न घेता कोणी खांबावर चढत असेल तर त्याला थांबवण्याचा अधिकार आपल्यालाही आहे.

उलटी वीज

आजच्या भाषणातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. वीज गेली की अनेक जण जनरेटर लावतात. काही जण तो घरातल्या प्लगमधूनच वायरिंगला जोडतात आणि मेन स्विच चालूच ठेवतात. मग जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेरच्या तारांवर जाते.

डीपी ११ हजार व्होल्टची वीज कमी दाबाची करते, हे आपल्याला माहीत आहे. परंतु तीच डीपी उलट्या बाजूने वीज मिळाली तर कमी दाबाची वीज ११ हजार व्होल्टची करते. आपल्या घरातला छोटा जनरेटर दोन किलोमीटरवर खांबावर असलेल्या वायरमनचा जीव घेऊ शकतो. त्याने उपकेंद्रातून वाहिनी बंद करून घेतलेली असते. आपल्या जनरेटरची त्याला कल्पना नसते.

म्हणून जनरेटर लावायचा असेल तर मंडळींकडील तारा आणि जनरेटर यांतील एकच एका वेळी जोडला जाईल असा चेंजओव्हर स्विच परवानाधारक ठेकेदाराकडून बसवून घ्यावा. तो नसेल तर जनरेटरला मोटार किंवा दिवे थेट जोडावेत, घराच्या वायरिंगला जोडू नयेत. शेजारच्या चालू डीपीवरून वायर ओढून आपल्या तारांवर वीज घेणे हाही तितकाच घातक प्रकार आहे. रानडुकरे आणि गवे यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी कुंपणात वीज सोडणे कायद्याने गुन्हा आहे. वादळात ते कुंपण पडलेल्या तारांना टेकले तर कोणाचा बळी जाईल हे सांगता येत नाही.

तुटलेली तार

जमिनीवर पडलेली तार मेलेली आहे असे कधीही समजू नये. ठिणगी दिसत नाही, आवाज येत नाही, गावात वीज नाही, तरीही तार जिवंत असू शकते किंवा कोणत्याही क्षणी जिवंत होऊ शकते. फीडर तपासताना तो मधूनमधून चालू केला जातो हे आपण आताच पाहिले.

तार जमिनीला टेकते तेथून वीज जमिनीत पसरते. तारेजवळ दाब जास्त असतो आणि लांब जाल तसा कमी होतो. चालताना आपले दोन पाय दोन वेगळ्या दाबांवर पडतात आणि वीज एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. ओल्या जमिनीत हा धोका वाढतो. गाई-म्हशींचे पुढचे आणि मागचे पाय लांब असल्याने त्या माणसापेक्षा लवकर दगावतात. म्हशीला सोडवायला धावलेला माणूसही तिच्याबरोबर गेला, अशा घटना यातूनच घडतात.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१. तुटलेल्या तारेपासून निदान दहा मीटर लांब राहावे, इतरांना आणि जनावरांना लांब ठेवावे, आणि कोणी तरी राखण करावी.

२. तार आपल्या जवळच पडली तर लांब ढांगा टाकून पळू नये. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत लांब जावे.

३. ओल्या काठीने, उसाच्या कांड्याने किंवा विळ्या-कोयत्याने तार बाजूला सारू नये. सुकी काठीसुद्धा ११ हजार व्होल्टपुढे भरवशाची नाही.

४. वादळानंतर उसात गवत कापायला जाण्यापूर्वी त्या शेतावरून गेलेल्या सगळ्या तारा खांबांवर आहेत का हे बांधावरूनच पाहावे. पडलेली तार उभ्या उसात दिसत नाही. हे घरातील स्त्रियांना आणि मजुरांना आवर्जून सांगावे.

५. कोणाला धक्का बसला असेल तर आधी वीज बंद करावी. ती बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नये.

६. डीपीची पेटी उघडून फ्यूज स्वतः घालू नये. फ्यूजच्या जागी अॅल्युमिनियमच्या तारेचे पीळ घालणे म्हणजे डीपी जाळण्याची तयारी करणे होय.

खांब शेतातून न्यायचा असतो

सिमेंटचा आठ मीटरचा खांब दहा-बारा माणसांनी मिळून उचलावा लागतो. त्याच्या लांबीचा सुमारे सहावा भाग जमिनीत पुरावा लागतो, म्हणजे चार-साडेचार फूट खड्डा. वादळानंतर काळ्या रानात चिखल असतो आणि ट्रॅक्टर रुततो. मग खांब खांद्यावरून किंवा दोराने ओढत उसातून न्यावा लागतो. त्यात दोन-चार सरी ऊस मोडतो. ज्याचे शेत रस्त्याकडेला आहे तो अडवतो आणि मागच्या पंधरा जणांची मोटार आठवडाभर बंद राहते. हे भांडण पथकाने सोडवायचे नसते. डीपीवरील शेतकऱ्यांनी आधीच एकत्र बसून वाट ठरवावी आणि मोडलेल्या उसाची भरपाई आपसात वाटून घ्यावी. ज्या गावांत तरुण मंडळी खड्डे काढायला आणि खांब वाहायला पुढे होतात, तेथे काम लवकर उरकते. मात्र मदत जमिनीवरच करावी. खांबावर चढणे व तारेला हात लावणे हे प्रशिक्षित माणसाचेच काम आहे.

वीज आल्यावर

पंधरा दिवसांनी वीज येते आणि पंधरा मिनिटांत डीपी जळते, असेही घडते. त्याचे कारण ऑटोस्विच. १०० केव्हीएची डीपी सुमारे १३३ अँपियरचा भार सोसते. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना सुमारे सात अँपियर घेते. अशा पंधरा मोटारी चालल्या तर १०५ अँपियर होतात, म्हणजे डीपीला जड नाही. परंतु थेट सुरू होताना मोटार याच्या सहापट प्रवाह घेते. सगळ्यांना ऑटोस्विच असेल तर वीज येताच पंधराही मोटारी एका क्षणी सुरू होतात आणि भार ६०० अँपियरच्या वर जातो. फ्यूज उडतो आणि फ्यूजच्या जागी जाड पीळ असेल तर डीपीच जाते. मग नव्या डीपीसाठी पुन्हा रांग.

यासाठी ऑटोस्विच काढून टाकावेत. वीज आल्यावर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने पाळीपाळीने मोटारी सुरू कराव्यात. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर बसवावा, म्हणजे डीपीवरचा भार कमी होतो आणि दाब सुधारतो.

तारा नव्याने जोडताना फेजची अदलाबदल झाली तर तीन फेजची मोटार उलटी फिरते व पाणी फेकत नाही. अशा वेळी मोटार लगेच बंद करून जाणकाराकडून स्टार्टरवरील दोन फेज बदलून घ्यावेत. एखादा फेज येत नसेल तर मोटार जळू नये म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर असावा. घरात काही दिवे फार प्रखर आणि काही मंद लागत असतील तर न्यूट्रल तुटलेला असण्याची शक्यता असते. ताबडतोब मेन स्विच बंद करून कळवावे.

पुरात बुडालेली मोटार तशीच चालू करू नये. ती खोलून गोड्या पाण्याने गाळ धुवावा, उन्हात पूर्ण वाळवावी आणि मेगरने तपासून घ्यावी. निदान एक मेगाओहम रोध मिळाल्याशिवाय वीज देऊ नये. स्टार्टर, केबलचे जोड आणि बेअरिंगमधील ग्रीसही तपासावे. बुडालेल्या डीपीलाही अशीच तपासणी लागते. तेल गाळावे किंवा बदलावे लागते. पाणी ओसरल्यावर लगेच वीज येत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

पावसाळ्यापूर्वी

मार्च-एप्रिलमध्ये आपल्या शिवारातील वाहिनीवरून एक फेरी मारावी. झोल पडलेल्या तारा, वाकलेले खांब, तुटलेले ताण आणि तारांना टेकणाऱ्या फांद्या यांची यादी करून सर्वांच्या सह्यांनी कार्यालयात द्यावी व पोच घ्यावी. झोल पडलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींवर आपटतात आणि ठिणगीने वाळलेला ऊस पेटतो, याचा अनुभव आपल्याला आहेच. वाहिनीखाली नारळ, आंबा, बांबू लावू नयेत. फांद्या तोडायच्या असतील तर वीज बंद करून घेतल्यावरच तोडाव्यात. खांबाला व ताणाला जनावरे बांधू नयेत. नदीकाठच्या मोटारी पाणी इशारा पातळीकडे जाऊ लागताच वर काढाव्यात.

बंधू-भगिनींनो, वादळ थांबवणे आपल्या हातात नाही. त्यानंतर अंधार किती दिवस राहील हे मात्र काही अंशी आपल्या हातात आहे आणि खांबावर चढलेला माणूस सुखरूप खाली येईल की नाही, हेही. तो बहुधा आपल्याच शेजारच्या गावचा, शेतकऱ्याच्याच घरातला असतो. त्याची वाट पाहणारी माणसे घरी असतात. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक डीपीवरील शेतकऱ्यांनी एकदा एकत्र बसावे, ऑटोस्विच काढावेत, जनरेटरची जोडणी तपासून घ्यावी आणि तक्रार सांगणारा माणूस नेमावा, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.